लाइन जुळली, पण नावं सापडेनात

डायल-अपवर, म्हणजे फोनच्या लाइनीवरून मोडेमने जोडलेल्या इंटरनेटवर, लिनक्स चालवायचं म्हटलं की सगळे मोडेमची भीती घालतात. मोडेमने मला काडीचा त्रास दिला नाही. डोकं खाल्लं ते नेम सर्व्हरने (साइटच्या नावावरून तिचा आयपी, म्हणजे आकड्यांचा पत्ता, सांगणारा सर्व्हर), आणि त्याहून जास्त कनेक्शन देणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनने.

मोडेम किंचाळून शांत व्हायचा, आयपी अ‍ॅड्रेस मिळायचा. बाहेरच्या एखाद्या मशीनला आकड्यांनी पिंग केलं (उत्तर येतं का ते बघणारी हाक) की उत्तर हजर. त्याच मशीनला नावाने हाक मारा, की 'अननोन होस्ट'. म्हणजे लाइन ठणठणीत, फक्त नावाचा आकडा करून द्यायला कोणी नाही. मला हवे होते नेम सर्व्हरचे दोन आयपी, बस्स. आता घरात फोनची लाइन एकच. हेल्पलाइनला फोन लावायचा तर कनेक्शन तोडायचं, आणि पलीकडचा म्हणणार, "सर, कनेक्ट करून बघा, काय एरर येतो?" कसं बघू? तुमच्याशीच बोलतोय ना! मग "स्टार्ट बटणावर क्लिक करा". माझ्याकडे विंडोज नाही म्हटलं की होल्डवरचं संगीत. शेवटी ठरलेलं पालुपद: "डीएनएस आपोआप मिळतो, सर." डीएनएस म्हणजे हाच नेम सर्व्हरचा पत्ता.

मिळतो, पण मागितला तर! डायल-अपची जोडणी सांभाळणाऱ्या पीपीपीच्या ऑप्शन्स फाइलमध्ये 'यूजपीअरडीएनएस' अशी ओळ टाकावी लागते, तेव्हा कुठे पीपीपीडी (पीपीपीचा प्रोग्राम) समोरच्याला नेम सर्व्हर विचारतो. ओळ टाकली, लॉगमध्ये दोन्ही आकडे झळकले, तरी नावं उघडेनात. कारण पीपीपीडी ते आकडे लिहितो ईटीसी (लिनक्सच्या सेटिंगांचं फोल्डर) मधल्या पीपीपी फोल्डरच्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये, आणि सिस्टिम वाचते थेट ईटीसीमधली त्याच नावाची फाइल. तिच्यात नेटवर्क कार्डाच्या वेळचा जुना पत्ता ठाण मांडून होता. लिनक्सच्या काही डिस्ट्रिब्युशन्समध्ये (आवृत्त्यांमध्ये) नवे आकडे तिच्यात आपोआप जातात, माझ्यात जात नव्हते. लाइन जुळल्यावर 'आयपी-अप' ही स्क्रिप्ट चालते, तिच्यात एक फाइल दुसरीवर कॉपी करायची ओळ घातली. पुढच्या डायलला पान धाडकन उघडलं. हेल्पलाइनवाल्यांना मुद्दाम फोन करून सांगावंसं वाटलं, पण त्यासाठी पुन्हा लाइन तोडावी लागली असती.

कॉपी झालेल्या फाइलची परवानगी मात्र बघा. ती फक्त रूटला (सगळे अधिकार असलेल्या युजरला) वाचता येत असेल, तर रूटचं सगळं चालतं आणि साध्या युजरला नावं सापडत नाहीत.

रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये हाताने आकडे लिहिणार असाल तर 'नेमसर्व्हर' या शब्दापुढे आयपीच हवा, नाव चालत नाही. अशा तीनच ओळी वाचल्या जातात. पहिला सर्व्हर गप्प असेल तर दुसऱ्याकडे जाण्याआधी ५ सेकंद वाट बघितली जाते, म्हणून मेलेला पत्ता वर ठेवू नका. आणि हो, जुन्या लिनक्सवर ब्राउझर डायल करण्याआधीपासून उघडा असेल तर तो नेम सर्व्हरची जुनीच यादी धरून बसतो. बंद करून पुन्हा उघडा.