एकाच फुलाच्या दोन बिया

नोव्हेंबरचा पहिला आठवडा होता. नर्सरीत नुकतंच पाणी सोडलं होतं, तेवढ्यात जुळे सोलापूरच्या एका सोसायटीची बाग बघणारे काका मोटारसायकलवर प्रोट्रे, म्हणजे रोपं तयार करायचा कपांचा ट्रे, बांधून आले. ट्रे टेबलावर ठेवला आणि खिशातली पुडी माझ्यापुढे सरकवली. "मालक, बी भेसळीचं हाय. बघा की, दोन तऱ्हेचं बी हाय ह्यात."

पुडी आमच्याच नर्सरीची होती. आफ्रिकन डेझीचं बी, मागच्या मार्चमध्ये आमच्याच वाफ्यावरून गोळा केलेलं. काकांनी ते 14 ऑक्टोबरला 98 कपांच्या ट्रेमध्ये एकेक टाकलं होतं. 19 दिवसांत 37 कप भरले होते, बाकीचे 61 रिकामे.

पुडी पांढऱ्या कागदावर ओतली आणि बोटानं दोन ढीग केले. एका बाजूला चपट्या, कागदासारख्या पातळ कडा असलेल्या बिया, कांद्याच्या सालीच्या तुकड्यासारख्या. दुसऱ्या बाजूला बारीक, तपकिरी, खरखरीत काड्या. कुणीही भेसळच म्हणेल. आतून बियांसाठी राखलेलं मागच्या वर्षीचं वाळकं फूल आणलं आणि काकांच्या समोरच चुरलं. कडेच्या गोलातून खरखरीत काड्या निघाल्या, मधल्या चकतीतून चपट्या बिया. फूल एकच.

डेझीचं फूल म्हणजे पुष्कळ छोट्या फुलांचा गुच्छ असतो. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ती कडेची फुलं, ती खरखरीत बी धरतात. चकतीतली फुलं चपटं. तसं पाहिलं तर दोन्ही बी नव्हे, एकेका बियाचं फळच. या झाडाचं डिमॉर्फोथिका हे शास्त्रीय नावही ग्रीकमधून आलंय, अर्थ 'दोन रूपांचं फळ'.

मूळ झाड दक्षिण आफ्रिकेच्या वायव्येकडच्या नामाक्वालँडचं. तिथं पाऊस थोडा, तोही हिवाळ्यात आणि बेभरवशाचा. चपटं बी वाऱ्यावर उडतं आणि ओल मिळाली की लगेच उगवतं. खरखरीत बियाचं कवच जाड असतं, ते दबा धरून बसतं. पहिला पाऊस फसवा निघाला तर मागे शिल्लक राहावं म्हणून. "म्हणजे दुबार पेरणीचं बी झाडानंच राखून ठिवलंय म्हणा," काका म्हणाले. मालदांडी ज्वारी पेरणाऱ्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

पण 61 कपांचा हिशेब एवढ्यावर भागत नव्हता. टूथपिक घेऊन वीस रिकामे कप उकरले. तेरांमध्ये खरखरीत बी होतं, टणक आणि जिवंत दिसणारं. चारांत चपटं बी कुजून काळं पडलेलं. उरलेल्या तिनांत चपटं बी फुटलं होतं, पण कोंब वरच्या पापुद्र्याखाली वाकडा होऊन गेलेला. म्हणजे बियाचा दोष मोठा, पण मातीचाही होता. काकांनी बागेतली काळी माती आणि शेणखत भरलं होतं, बी बोटभर खोल दाबलं होतं आणि बोअरचं पाणी झारीनं दोन वेळा घातलं होतं. काळी माती ओली असताना चिकटते, वाळली की पापडी धरते. आपल्याकडच्या जड पाण्याचे क्षार वर पांढरे दिसतच होते. पहिल्याच चौकशीत हे विचारायला हवं होतं, मी बियाकडेच बघत बसलो.

मग नवा ट्रे भरला. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग, चाळलेलं गांडूळखत एक भाग, जाड धुतलेली वाळू एक भाग. ट्रायकोडर्मा ही रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, एक किलो मिश्रणाला 5 ग्रॅम. फक्त चपटं बी घेतलं, त्यातलंही नखानं दाबल्यावर चुरगळणारं पोचट बाजूला काढलं. एका कपात दोन बिया आडव्या ठेवल्या, वर मिश्रण तीन मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. फवाऱ्यानं ओलं केलं आणि 50 टक्के शेडनेटखाली ठेवलं. इथं काकांना एकच गोष्ट दोनदा सांगितली: कोंब दिसले की नेट काढायचं. सावलीत रोप लांबुडकं होतं आणि पहिल्या पाण्यालाच आडवं पडतं. बुंधा जमिनीलगत काळा पडून रोप कोलमडू लागलं तर पाणी कमी करायचं आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम मुळाशी घालायचं. पण आधी पाणी कमी, औषध नंतर.

पहिल्या दोन बीजपानांनंतर चार ते सहा खरी पानं आली की रोप काढून वाफ्यात लावायचं, साधारण महिनाभरात. मुळं हलवलेली या झाडाला सोसत नाही, म्हणून गादीवाफ्यापेक्षा प्रोट्रे बरा. अंतर 20 ते 25 सेंटिमीटर, वाफा जमिनीपासून वीतभर उंच, नाहीतर काळ्या मातीत पाणी साचतं. युरिया अजिबात नको, पानंच माजतात. मावा दिसला तर लिटरला 5 मिली नीम तेल, त्यात साबणाचे दोन थेंब.

पेरणी फार आधी करू नये. ऑक्टोबर हीटमध्ये बी कुजतं, रात्री गार होईपर्यंत थांबलेलं बरं. नोव्हेंबरात पेरलं तर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास कळ्या लागतात, आणि मार्चचं ऊन तापलं की झाड संपतं.

जाता जाता काकांनी दुसरी तक्रार काढली. सोसायटीतले लोक म्हणतात, फुलं उमलतच नाहीत. लोक कधी बघतात? पहाटे फिरायला जाताना आणि रात्री जेवण झाल्यावर. ही फुलं उन्हावर उघडतात, संध्याकाळी आणि ढगाळ दिवशी मिटतात. वाफा दुपारी ऊन पडेल तिथं हवा, आणि बघणाऱ्यांनी अकराला यायचं.

खरखरीत बियांची वेगळी पुडी बांधून दिली. सँडपेपरवर हलकं घासून रात्रभर भिजवलं तर काही लवकर येतात, पण एकसारखी कधीच नाहीत. ती ट्रेमध्ये नको, वाफ्याच्या कडेला टाका, असं सांगितलं. जुना ट्रे मात्र मी ठेवून घेतला, उकरलेले कपही बुजवून. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यातल्या चार रिकाम्या कपांत पानं दिसली. मुळाशी टरफल शोधलं, चारही खरखरीत. तोवर शेजारच्या 37 पैकी पुढच्या रोपांना कळ्या आल्या होत्या.