सी घेऊन पुढे जायचं की परत बसायचं?

आज कॉलेजच्या अ‍ॅडव्हायझरबाईंना भेटून आले. अ‍ॅनाटॉमी अँड फिजिऑलॉजी १ (शरीराची रचना आणि कार्य) मध्ये सी ग्रेड पडलाय. पुण्याहून आईचा फोन, "पास झालीस ना? मग कशाला परत तेच?"

तिचंही चूक नाही. इथे अमेरिकेत बऱ्याच नर्सिंग प्रोग्रॅमना नियमाप्रमाणे सी चालतो. पण जागा मोजक्या, अर्ज ढीगभर, आणि पुष्कळ ठिकाणी सायन्सचा जीपीए (ग्रेडची सरासरी, ४ पैकी) वेगळा काढतात. चार क्रेडिटच्या, म्हणजे जास्त वजनाच्या विषयात सीचे २.० म्हणजे गेलंच की सगळं खाली! परत घ्यावा, तर काही कॉलेजं नवा ग्रेड धरतात, काही दोन्हींची सरासरी काढतात. म्हणजे जीव तोडून ए आणला तरी हिशोबात बी. शिवाय ट्रान्स्क्रिप्टवर जुना सी राहतोच.

घात केला लॅब प्रॅक्टिकलने. शरीराच्या मॉडेलवर नंबरची चिठ्ठी, त्या भागाचं नाव लिहायचं, एका टेबलापाशी जेमतेम मिनिटभर, की सरका पुढे. मानेचा तो स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड स्नायू डोळ्यांसमोर होता, स्पेलिंग येईना. स्पेलिंग चुकलं की मार्क गेले. (हा नियम मला आजही जाचक वाटतो.)

तरी परत घेतेय. उन्हाळ्यात नाही, तेव्हा अख्खा विषय काही आठवड्यांत कोंबतात, फॉलमध्ये (शरदातल्या सत्रात), निवांत. नर्सिंग प्रवेशाच्या टीज परीक्षेच्या सायन्समध्येही सर्वांत जास्त प्रश्न याच विषयाचे, तेव्हा अभ्यास वाया जायचा नाही. आईला अजून सांगितलेलं नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास कुणाकडे हाडा-स्नायूंची फ्लॅशकार्डं पडून असतील तर कळवा, येऊन घेऊन जाईन.