मी दाबलेला स्पीड

गेल्या महिन्यात दादा ऑनलाइन बुद्धिबळाचे सलग तीन डाव घड्याळावर हरला. तीन-तीन मिनिटांचे डाव, समोर कुणीतरी अनोळखी, आणि तिसऱ्या डावात तर म्हणे दोन चालींत मात होती. तेवढ्यात पट गोठला. तसाच उठून माझ्या खोलीच्या दारात आला.

"तुझं ते टोरंट बंद कर आधी. कंपनीवाल्यांनी असल्या लोकांचा स्पीड कापायलाच पाहिजे."

असले लोक म्हणजे मी. आणि गंमत अशी, की कंपनीवाल्यांच्या बाजूला बसून असल्या लोकांचा स्पीड कापायचं काम मी दोन वर्षं पगार घेऊन केलंय. दादा ते विसरला असावा. मी विसरलेले नाही.

आधी दादाचं गाऱ्हाणं, कारण ते खोटं नव्हतं. टोरंट म्हणजे लोकांनी फाइलीचे तुकडे थेट एकमेकांना देण्याची पद्धत. मी लिनक्स या मोफत प्रणालीच्या दोन-तीन इमेज, म्हणजे ती बसवायच्या फाइली, कायम सीडला ठेवते, म्हणजे इतरांना देत राहते. दादाला तिथेच उभं करून मी पिंग लावलं, म्हणजे छोटा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजलं. एरवी १८-२० मिलिसेकंदांत येणारं उत्तर १,४०० च्या आसपास घुटमळत होतं. टोरंट थांबवलं, आकडा खाली आला. दादाने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं.

"थांब जरा," म्हटलं आणि टोरंट बंदच ठेवून फोनमधल्या फोटोंचा बॅकअप चालू केला. पिंग १,३०० वर. आता बोल.

होतं काय, तर आमची अपलोडची लाइन १० एमबीपीएसची. ती भरली की राउटरने जादा पॅकेटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, सरळ टाकून द्यायला हवीत, म्हणजे पाठवणारा समजून हात आखडता घेतो. टीसीपीचं, म्हणजे इंटरनेटवर डेटा पोचवण्याच्या नेहमीच्या पद्धतीचं, सगळं गणित या टाकून देण्यावर चालतं. १९८६ मध्ये बर्कलेतल्या दोन संस्थांमधली लाइन ३२ केबीपीएसवरून ४० बीपीएसवर कोसळली, तेव्हा तिथले संशोधक व्हॅन जेकबसन यांनी हे हात आखडण्याचं तंत्र बसवलं. पण आमचा राउटर टाकत काहीच नाही, सगळं साठवून ठेवतो. त्या साठ्यात हजाराहून जास्त पॅकेटं रांगेत उभी, आणि दादाच्या वजिराची एक चाल, जेमतेम एका पॅकेटची, त्यांच्या शेपटाला. संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दुखण्याला बफरब्लोट असं नाव दिलं. त्याला टोरंट लागत नाही, भरलेली लाइन लागते.

माझीही चूक निघाली, ती सांगून टाकते. टोरंटवाल्यांनी यावर उपाय केव्हाच काढलाय. यूटीपी नावाची वाहतुकीची पद्धत आहे, ती स्वतःच्या पॅकेटांना किती उशीर होतोय ते मोजत राहते आणि रांग १०० मिलिसेकंदांच्या आसपास लांबली की आपणहून मागे सरते. तिच्यामागचं लेडबॅट हे तंत्र २०१२ मध्ये आरएफसी, म्हणजे इंटरनेटच्या जाहीर तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत, क्रमांक ६८१७ म्हणून रीतसर प्रसिद्धही झालं. माझ्या टोरंटच्या प्रोग्रॅममध्ये यूटीपीच्या चौकोनातली खूण मीच कधीतरी काढून ठेवली होती. का, ते आठवत नाही. कुणीतरी कुठेतरी 'याने स्पीड वाढतो' असं लिहिलेलं वाचलं असणार. खूण परत केली, राउटरवर एफक्यू-कोडेल, म्हणजे रांग लांबू न देणारी सोय, चालू केलं, अपलोडची मर्यादा साडेआठ एमबीपीएसवर आणली. आता सीडिंग चालू असतानाही पिंग २५ च्या आत असतं. दादा अजूनही घड्याळावर हरतो, पण आता लाइनमुळे नाही.

आता दुसरी बाजू, म्हणजे माझी जुनी खुर्ची.

पहिली नोकरी एका इंटरनेट कंपनीत, रात्रपाळी. कपाटाएवढ्या रॅकमध्ये एक पेटी होती. ती जाणाऱ्या-येणाऱ्या पॅकेटांच्या आत डोकावून वर्गवारी करायची: वेब, व्हिडिओ, मेल, पी२पी (टोरंटसारखी, एकाच्या संगणकावरून थेट दुसऱ्याच्या संगणकावर जाणारी वाहतूक), आणि ज्यात काहीच ओळखू येत नाही ते 'अज्ञात'. संध्याकाळी सहा ते रात्री अकरा, पी२पीला प्रत्येक ग्राहकामागे २५६ केबीपीएस. हा नियम मी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात माझ्या हाताने टाकला. साहेबांनी कारण सांगितलं ते असं: "दहा टक्के लोक सगळी लाइन खातात आणि शिव्या आपण खातो." आकडा त्यांनी हवेतून काढला होता, पण आलेख माझ्यासमोर होता. संध्याकाळी अपलोडची रेघ कपाळाला टेकायची आणि तासन्‌तास तिथेच राहायची.

म्हणून कंपन्या निव्वळ हलकट असतात असं मी म्हणणार नाही. एका टोकावरची लाइन शेकडो घरांत वाटलेली असते, अपलोडचा वाटा मुळातच चिंचोळा, आणि टीसीपी वाटणी करतं ती माणसागणिक नाही, जोडणीगणिक. ज्याने चाळीस जोडण्या उघडल्या त्याला चाळीस वाटे, ज्याने एक उघडली त्याला एक. पंगतीत एकाने चाळीस पानं मांडून बसावं तसं हे. शेजाऱ्याने तक्रार केली तर ती खरीच असते.

पण आम्ही काय केलं? चाळीस पानं मांडणाऱ्याला हटकलं नाही. वाढपी कुठली भाजी घेऊन चाललाय ते बघून त्याचा हात धरला. रात्री साडेआठला लाइन अर्धी रिकामी असली तरी धरला. लोकांनी टोरंटला एन्क्रिप्शन चढवलं, पेटीला आतलं दिसेनासं झालं, तर साहेबांनी 'अज्ञात' वर्गालाही तोच नियम लावायला सांगितला. अज्ञातात काय काय असतं? लोकांच्या ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसशी जोडणारी बंद वाट, असतं. पुढच्या आठवड्यात तक्रारींचा ढीग आला, आणि त्यातले बहुतेक टोरंट म्हणजे काय ते माहीत नसलेले लोक होते.

चोरीचे सिनेमे थांबतात, असंही एक कारण तेव्हा दिलं जायचं. पेटीला सिनेमा ओळखता येत नव्हता, फक्त गाडीचा प्रकार ओळखता येत होता. त्याच गाडीतून लिनक्स जातं, इंटरनेट आर्काइव्ह हे डिजिटल ग्रंथालय आपला संग्रह वाटतं, ब्लिझर्ड या गेम कंपनीने खेळांचे अपडेट पाठवले, फेसबुकने आपल्याच सर्व्हरांवर नवा कोड पोचवला.

हे सगळं चालू असताना आम्ही मधल्या चहाला कॉमकास्ट या अमेरिकन इंटरनेट कंपनीची गोष्ट चघळायचो. २००७ मध्ये अमेरिकेत रॉब टोपोल्स्की नावाच्या एका सॉफ्टवेअर टेस्टरला आपली जुनी गाणी कुणाकडे जातच नाहीत असं दिसलं. चौघांनी मिळून म्हणायची, शंभरएक वर्षांपूर्वीच्या वळणाची गाणी, कुणाचं नुकसान होण्यासारखं त्यात काही नाही. त्याने पॅकेटं उघडून पाहिली, तर कॉमकास्ट दोन्ही टोकांना समोरच्याच्या नावाने 'मी जोडणी तोडतोय' असं सांगणारी बनावट पॅकेटं पाठवत होती. मग असोसिएटेड प्रेसने बायबलची फाइल पाठवून तपासलं, तीही अडकली. पुढच्या वर्षी हार्वर्डला एफसीसी या तिथल्या दूरसंचार नियामकाची सुनावणी झाली तेव्हा कंपनीने पैसे देऊन माणसं बसवून जागा अडवल्या, आणि त्यातले काही तिथे डुलक्या काढत होते. ऑगस्ट २००८ मध्ये एफसीसीने तीन विरुद्ध दोन मतांनी हे थांबवायला सांगितलं. २०१० मध्ये कोर्टाने तो आदेश रद्द केला, कारण एफसीसीला तसा अधिकारच नव्हता.

पण मला या गोष्टीत खटल्यापेक्षा मधला भाग आवडतो. निकाल लागायच्या आधीच कॉमकास्टने पद्धत बदलली होती आणि पुढे ती आरएफसी ६०५७ मध्ये जगजाहीर लिहूनही ठेवली. तिचा सारांश असा: वाटून घेतलेली अपलोडची लाइन ७० टक्क्यांच्या वर जाऊन १५ मिनिटं तिथेच राहिली, तरच बघायचं. त्या वेळी ज्याने आपल्या क्षमतेच्या ७० टक्क्यांहून जास्त १५ मिनिटं वापरलंय, त्याची पॅकेटं रांगेत थोडी मागे. तो ५० टक्क्यांखाली आला की परत पुढे. तो काय पाठवतोय हा प्रश्नच नाही. टोरंट असो, बॅकअप असो, लग्नाचा व्हिडिओ असो.

हे मला चालेल. सीड करणारी म्हणून चालेल आणि त्या खुर्चीत बसलेली म्हणूनही. गर्दी असेल तेव्हा, जो गर्दी करतोय त्याला, आणि नियम लिहून भिंतीवर लावून. आमच्याकडे यातलं एकही नव्हतं, आणि सगळ्यात जास्त सलतं ते तिसरं नव्हतं म्हणून. कॉल सेंटरला दिलेल्या कागदावर पी२पीचा उल्लेख नव्हता. लिहिलेलं होतं: ग्राहकाला राउटर बंद करून चालू करायला सांगणे.

एक तक्रार अजून आठवते. एक निवृत्त शिक्षक होते, आपल्या व्याख्यानांची ध्वनिमुद्रणं टोरंटने विद्यार्थ्यांना पाठवायचे. संध्याकाळी जात नाहीत, सकाळी जातात, असं त्यांनी वहीत वेळा टिपून कळवलं होतं. सहा वाजून दोन मिनिटं. सहा वाजून एक मिनिट. पुन्हा सहा वाजून दोन. अकरा दिवसांच्या नोंदी, एका खाली एक. बिचाऱ्यांनी राउटरही बदलून पाहिला होता. तिकीट माझ्याकडे आलं. नियम किती वाजता लागतो ते मला माहीत होतं, कारण ती वेळ मीच टाइप केली होती. कारणाच्या रकान्यात मी 'ग्राहकाच्या उपकरणात दोष' निवडलं आणि तिकीट बंद केलं.