कड हरवली पाहिजे

स्मरणिकेसाठी लिहा असं पत्र आलं आणि मला आधी आठवला तो मैदा आणि व्हॅसलीनचा वास. पटांगण, घंटा, प्रार्थना यांवर बाकीचे लिहितीलच. मी आपली चित्रकलेच्या सरांवर लिहिते.

आम्ही आठवीत असताना संमेलनात पावनखिंड बसवली होती. बाजीप्रभूंना जखमा हव्यात म्हणून मी कुंकू कालवून नेलं. सर म्हणाले, "अगं, हा लढून आलाय की रंगपंचमी खेळून?" मग माझ्याच गुडघ्याकडे बोट दाखवलं. दोन दिवसांपूर्वी लंगडी खेळताना तो फुटला होता. "या जखमेचा रंग सांग." मी म्हटलं, लाल. "नीट बघ." मधे काळपट तपकिरी खपली, भोवती गुलाबी, त्याच्या बाहेर निळसर. लाल कुठेच नव्हतं!

मग सरांनी जखम करायला शिकवलं. मैद्यात व्हॅसलीन घालून हाताला चिकटेनासं होईपर्यंत मळायचं, चिमूटभर कोको घालून अंगाच्या रंगावर आणायचं, दंडावर थापायचं. आईस्क्रीमच्या लाकडी चमच्याने मधोमध चीर पाडायची आणि तिच्या तळाशी गडद कॉफी भरायची. रक्त म्हणजे साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग आणि पुन्हा थोडी कॉफी. सरांचं पालुपद एकच : "कड हरवली पाहिजे. कड दिसली की जखम गेली." बोटाला व्हॅसलीन लावून मी तासभर कडा पसरवत बसायचे.

प्रयोगाच्या दिवशी बाजींना फार आधी सजवून विंगेत बसवलं, ही चूक माझी. पाकाला मुंग्या लागल्या. गडावरच्या तोफांचे पाच बार आम्ही पत्र्याच्या डब्यावर काढणार होतो. बाजी तिसऱ्यालाच कोसळले आणि पडल्यापडल्या दंड खाजवू लागले. जखम अख्खी हातात आली. पहिल्या रांगेतल्या आज्यांना वाटलं पोरगं तडफडतंय, त्या डोळ्यांना पदर लावून बसल्या. विंगेत सर पोट धरून हसत होते. मला एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी ग्लिसरीन."

आज मी नर्सिंग कॉलेजात शिकवते. आपत्तीच्या मॉक ड्रिलसाठी खोट्या जखमा करते; आमच्यात त्याला मूलाज म्हणतात. सिलिकॉनच्या तयार जखमा मिळतात, पण पहिल्या वर्षाच्या मुलींना मी मैदाच मळायला लावते. जखम स्वतः केली की खरचटणं आणि खोल चीर यांतला फरक पुन्हा सांगावा लागत नाही. ताजा मुका मार लालसर-जांभळा, जुना हिरवट-पिवळा, हेही रंगवतानाच पक्कं होतं.

आता संमेलनाची रंगभूषा बाहेरून येते म्हणे, आणि चित्रकलेच्या खोलीत संगणक बसलेत. असोत. पण मुलांचे हात बरबटत नाहीत, हे मला काही बरं वाटत नाही.

गेल्या महिन्यात कॉलेजातल्या सरावाच्या पुतळ्याच्या मांडीवर केलेल्या जखमेचा फोटो सरांना पाठवला. ऐंशीच्या पुढे आहेत, चष्मा जाड झालाय. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : "डावीकडची कड दिसते."

दिसत होतीच.