कुंभारवाडा रूम: तिसऱ्या जागेवरचा रीडर अखेर वाचतोय

आमच्या ‘कुंभारवाडा’ या एस्केप रूममधली (कोडी सोडवत पुढं जायची खेळाची खोली) फळी अखेर पाचही मातीची भांडी ओळखू लागली. प्रत्येक भांड्याच्या तळाला टॅग आहे आणि फळीखालचा रीडर तो दुरून वाचतो. मडकं, गाडगं, सुगड, परळ आणि बोळकं आपापल्या जागी बसलं की रिले टक् करतो आणि भट्टीच्या दारावरचा मॅगलॉक (वीज असेपर्यंत धरून ठेवणारं चुंबकी कुलूप) सुटतो. खानापुरी भांड्यांचा हट्ट धरला तो योग्यच होता. प्लास्टिकच्या प्रॉपला तो खडबडीत स्पर्श येत नाही आणि खेळणारे भांडं हातात घेतात तेव्हाच खोलीवर विश्वास ठेवतात.

घोडं अडलं होतं तिसऱ्या जागेवर. बाकीचे चार आरसी५२२ रीडर नीट वाचत होते, हा मात्र अधूनमधूनच. अशा वेळी सगळ्यात आधी शेजारच्या दोन रीडरची अदलाबदल करावी. दोष मॉड्यूलबरोबर सरकला तर मॉड्यूल बदला. जागेलाच चिकटून राहिला तर वायर, सप्लाय किंवा आसपासचं लोखंड तपासा. इथं तो जागेलाच चिकटला. रीडरच्या चिपचा व्हर्जन नंबर वाचल्यावर हेक्समध्ये ९२ येत होतं, म्हणजे एसपीआय (रीडर आणि बोर्ड यांच्यातला डेटाचा दुवा) ठीक. ०० किंवा एफएफ आलं असतं तर वायरिंग उघडावं लागलं असतं. उरला अँटेना.

फळीला आधार म्हणून खालून गेलेला २५ मिमीचा लोखंडी अँगल नेमका तिसऱ्या रीडरच्या खाली, जेमतेम १० मिमीवर होता. रीडर १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतो. इतक्या जवळ लोखंड आलं की त्यात भोवरे-प्रवाह तयार होतात, अँटेनाची ट्यूनिंग बिघडते आणि टॅगपर्यंत पुरेशी शक्ती पोचत नाही. अँगल ६ सेंमी बाजूला सरकवताच तिसरा रीडर इतरांसारखा वाचू लागला. ज्यांना आधार हलवता येत नाही त्यांनी रीडर आणि लोखंड यांच्यामध्ये फेराइट शीट घालावी. ॲल्युमिनियम फॉइलच्या नादी लागू नये, त्यानं उलट बिघडतं.

अंतराचा हिशेबही नव्यानं मांडला. १२ मिमी प्लाय, त्यावर भांड्याचा आत वळलेला तळ, आणि २५ मिमीचा गोल टॅग: एवढ्यातच या रीडरची ताकद संपते. म्हणून सुताराकडून प्रत्येक जागेखाली ६० बाय ४० मिमीचा खड्डा राऊटरनं मारून घेतला. वर ४ मिमी लाकूड ठेवलंय. त्याहून पातळ केलं तर भांडं आपटल्यावर फळी फुटते.

सप्लायबद्दल एक आग्रहाची गोष्ट. अर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डच्या ३.३ व्होल्ट पिनवर पाच रीडर टांगू नका, त्या पिनला तेवढा करंट झेपत नाही आणि नॅनोचे सिग्नलही ५ व्होल्टचे असतात. त्याऐवजी ईएसपी३२ बोर्ड घ्या, रीडरना वेगळा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर द्या आणि प्रत्येक रीडरपाशी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावा. फळी लांब असल्यानं एसपीआयचा वेग ४ वरून १ मेगाहर्ट्झवर आणलाय. एसएस लाइनला (कोणता रीडर वाचायचा ते ठरवणारी वायर) पुल-अप रेझिस्टर लावणार असाल तर ईएसपी३२ची १२ नंबरची पिन टाळा, बोर्ड बूटच होत नाही. ऑनलाइन मिळणाऱ्या सगळ्यात स्वस्त मॉड्यूलमध्ये रेंज फार वरखाली असते. एक-दोन जास्तच मागवावेत आणि खिळे ठोकण्याआधी प्रत्येक रीडर टेबलावर तपासावा.

कोडमध्ये एकच खोच. टॅग रीडरवर तसाच पडून राहिला की लायब्ररी आलटून पालटून ‘आहे, नाही’ सांगते. सलग तीनदा ‘नाही’ आलं तरच भांडं उचललं असं धरायचं.

आता पावसाळा. बेळगावच्या दमट हवेत बिनझिलईच्या भांड्यावर स्टिकर टॅग टिकत नाही, कडेपासून सुटत जातो. त्याऐवजी नाण्यासारखा पीव्हीसी टॅग अरल्डाइटनं तळाला चिकटवायचा आणि वरून एम-सीलचा पातळ थर द्यायचा. एम-सील मळतानाच चिमूटभर गेरू घातला की रंग तळाशी इतका जुळतो की भांडं उलटं करून बघणाऱ्यालाही टॅग दिसत नाही. जोडीची जादा भांडी तयार ठेवा. प्रत्येक जागेला दोन यूआयडी (टॅगचे क्रमांक) चालतील असा कोड असला की फुटलेलं भांडं रीसेटमध्ये पाच मिनिटांत बदलता येतं.

भांड्यांच्या क्रमाचा क्लू चित्रांतच ठेवलाय. आपल्याकडच्या ग्रुपमध्ये निम्मे मराठी वाचणारे आणि निम्मे कन्नड वाचणारे असतात. लिपीवर कुलूप बेतलं तर अर्धी टीम नुसती उभी राहते.

पुढच्या टप्प्यात सहावं भांडं वजनावर चालणार होतं: रविवार पेठेतला जोंधळा मापट्यानं (धान्य मोजायच्या भांड्यानं) भरायचा, खाली लोडसेल (वजन मोजणारा सेन्सर) आणि त्याचा आकडा बोर्डला देणारी एचएक्स७११ चिप. पण लिहिता लिहिताच हे पटेनासं झालं. जोंधळा सांडतो, किडतो, उंदीर बोलावतो आणि रीसेटला झाडू लागतो. त्यापेक्षा गोट्या बऱ्या. १६ मिमीची काचेची गोटी साधारण ५ ग्रॅमची, म्हणजे २० गोट्यांना १०० ग्रॅमच्या आसपास. गोट्या सारख्या नसतात, म्हणून निवडलेल्या २० एकत्र तोलून तोच आकडा कोडमध्ये घालायचा आणि १० ग्रॅमची सूट ठेवायची. सेल मात्र ५ किलोचाच हवा. पोरं भांड्यावर हात दाबतात, १ किलोचा सेल वाकून बसेल. दर खेळाआधी शून्य करून घ्यायचं, नाहीतर तापमानानं आकडा सरकतो.

मग मापट्याचं काय? ते नुसतं सजावटीला ठेवलं तर लोक त्यातच क्लू शोधत बसतील. गोट्यांची संख्या मापट्याच्या आतल्या रेघांवरून काढायची असं केलं तर दोन्ही गोष्टी साधतात. हेच करतोय.

वीज गेली की मॅगलॉक सुटतो आणि भट्टी आपोआप उघडते, म्हणून त्या एका कुलपाला १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी जोडली आहे. २८० किलोचा लॉक अर्धा ॲम्पियरच्या आसपास घेतो, खेळ सहज निभावतो. भट्टी म्हणजे कपाट, आत कुणी शिरत नाही. बाहेरच्या दाराला मात्र कुलूपच नाही, साधी मूठ आहे. ४ जानेवारी २०१९ ला पोलंडमधल्या कोशालिनच्या एस्केप रूमला आग लागून पाच मुली बाहेर पडू न शकल्यानं गेल्या. खेळात दार बंद असल्याचा आभास घड्याळ आणि आवाज देतात, त्यासाठी खरं कुलूप लागत नाही.

लोडसेलची चौकट एमडीएफऐवजी मरीन प्लायची करणार आहे. एमडीएफ पावसाळ्यात फुगला की सेलचं मोकळं टोक टेकतं आणि वजन कमी दाखवतं. कुणी ॲक्रिलिकवर केलं असेल तर किती मिमी घेतलं ते कळवा.