तुम्ही विचारलंत म्हणून: मी ज्या मॉडेल रेल्वेचे फोटो टाकतो, त्यातली गाडी चालते का?

चालते.

खरं तर इथेच थांबायला हवं. पण सहा वर्षांत हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या पाण्याच्या मीटिंगमध्ये आणि एकदा दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत, तोंडात कापूस असताना विचारला गेलाय. "फोटो झकास असतात हो तुमचे. पण गाडी चालते का? मग व्हिडिओ का नाही टाकत?" त्यातला 'मग' फार लागतो. जणू बदलापूरच्या एका बेडरूममध्ये मी शोकेस मांडून बसलोय आणि जगाला कर्जत-लोणावळ्याचा भोर घाट म्हणून विकतोय.

तर ऐका. फोटोतली गाडी उभी असते. नेहमीच. 1:87 च्या जगात, म्हणजे सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशी पट लहान, माणूस दोन सेंटीमीटरचा. त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून घाट दिसायला हवा तर लेन्स इंजिनापासून वीतभर अंतरावर, खडीला टेकवून ठेवावी लागते. एवढ्या जवळून पँटोग्राफ (इंजिनाच्या टपावरचा, वरच्या तारेतून वीज घेणारा सांगाडा) स्वच्छ आला की मागचा दुसरा डबा धूसर. म्हणून अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, f/16 पर्यंत बारीक करायचं, शटर दोन सेकंद उघडं ठेवायचं, फोकस इंचाइंचाने मागे सरकवत दहा-बारा फ्रेम घ्यायच्या आणि त्या कॉम्प्युटरवर एकत्र जोडायच्या. घाटातल्या ताशी 40 किलोमीटरचा हिशेब लावला तर माझी गाडी सेकंदाला जेमतेम 13 सेंटीमीटर जाते. म्हणजे दोन सेकंदांत अख्खा एक डबा पुढे सरकला. काढा फोटो!

हे उत्तर मी इतक्या वेळा दिलंय की आता मलाच ते वकिली वाटतं. कारण व्हिडिओ न टाकण्याचं कारण ते नाही.

आधी कबूल करायचं ते करून टाकतो. माझी डेक्कन क्वीन सहा डब्यांची आहे. सतरा डबे लावले तर गाडी सव्वाचार मीटरहून लांब होते आणि माझी भिंत अकरा फुटांची, म्हणजे इंजिन खंडाळ्यात पोचलं तरी गार्ड बाथरूममध्ये. रूळ साडेसोळा मिलिमीटरचे, जगभर मिळतात ते. आपल्या ब्रॉडगेजच्या हिशेबाने ते पावणेतीन मिलिमीटरने अरुंद आहेत. कर्जत ते लोणावळा 28 किलोमीटर म्हणजे या मापात सव्वातीनशे मीटर. माझ्याकडे ठाकूरवाडी आहे, मंकी हिल आहे आणि मधलं सगळं कपाटामागे. फोटोत यातलं काही दिसत नाही. व्हिडिओत सगळं दिसतं.

आता त्या जुलैबद्दल.

कर्जतचे एक काका लेआउट, म्हणजे हा मांडलेला घाट, बघायला आले होते. रिटायर्ड ड्रायव्हर, उमेदीची वर्षं बँकरवर गेलेली. (बँकर म्हणजे 1 ला 37 चा चढ, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, गाडीला एकटीने झेपत नाही म्हणून कर्जतला मागून लावतात ती इंजिनं. नेरळच्या पुढे राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.) त्यांना खूश करायचं म्हणून मी पुढे गाडीचं इंजिन आणि मागे एक बँकर, असा पूर्ण थाट मांडला होता. मागचं इंजिन मी स्टायरिनच्या (प्लास्टिकच्या) पत्र्यातून स्वतः बनवलेलं, आठ महिने खपून. दोन्ही इंजिनांचा वेग जुळवायला तीन रात्री गेल्या होत्या, कारण मागचं किंचित जरी जोरात धावलं तरी वळणावर मधला डबा बाहेर फेकला जातो.

आणि तेवढ्यात खिडकीतून तो उजेड आला. पाऊस उघडला की संध्याकाळी पाच मिनिटं येतो तो, पिवळट. मला वाटलं, धुकं हवं. मी पफने टाल्कम पावडर उडवली. मागून टॉर्च. सुंदर दिसत होतं, आजही सांगतो, सुंदर दिसत होतं. नेहमीप्रमाणे गाडी थांबवायला हवी होती. पण काका समोर बसलेले. त्यांनी एकदाच, हळूच विचारलं होतं, "चालते ना?" म्हणून मी एका हाताने कंट्रोलर फिरवला आणि डोळा कॅमेऱ्याला लावला.

पावडर रुळावर बसली होती. पुढच्या इंजिनाच्या चाकांना वीज मिळेना, ते मंकी हिलच्या अलीकडे गप्प उभं राहिलं. मागचं ढकलत राहिलं. मला काहीच दिसलं नाही, मी चौकटीत धुकं बघत होतो. आधी आवाज आला. तिसरा डबा उभा उचलला गेला, चौथ्याला घेऊन कड्यावरून गेला आणि बँकर त्यांच्या मागोमाग. चार फूट खाली टाइल्स आहेत.

काका उठले, गुडघे धरत खाली बसले आणि बँकरचे तुकडे तळहातावर गोळा करायला लागले. पँटोग्राफची तार त्यांनी दोन बोटांनी सरळ केली. मग रुळावरून बोट फिरवून बघितलं, पांढरं झालेलं. म्हणाले, "घाटात रुळावर वाळू टाकतात हो. पावडर नाही."

आधी मला हसू आलं. मग काका गेल्यावर नाही आलं.

त्या दिवसाआधी मी छातीठोकपणे सांगायचो की गाडी गोल फिरवणं हा पोरखेळ, फोटो ही खरी गोष्ट. तेव्हाच्या मला आज म्हणावंसं वाटतं की बाबा, तू गाडीला भीत होतास, म्हणून उभी करून ठेवत होतास. पण तोही गप्प बसणारा नाही. तो म्हणतो, ठीक, मग चालवून काय मिळालं? आठ महिन्यांचं काम टाइल्सवर. आणि त्याचं अगदीच चुकतंय असंही नाही. कॅमेऱ्यात त्या क्षणाची एक फ्रेम आहे. पिवळ्या धुक्यात एक निळी-पांढरी रेघ, कुठेही काहीही शार्प नाही. माझ्या हजारभर फोटोंत गाडी खरोखर चालत असलेला तो एकच. तो मी कुणाला दाखवलेला नाही आणि डिलीटही केलेला नाही.

आता दर रविवारी सकाळी कापसाच्या बोळ्याने, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून रूळ पुसतो. पावसाळ्यात बोळा दोन फुटांतच काळा होतो. मग कॅमेरा दुसऱ्या खोलीत ठेवून तासभर गाड्या चालवतो. बँकर अजून जोडलेला नाही, नवीन बॉडी अर्धी कापून ठेवलीय. काका दोनदा येऊन गेले. कंट्रोलर त्यांच्या हातात दिला तर त्यांनी गाडी माझ्या निम्म्या वेगाने नेली, आणि उतारावर ठाकूरवाडीला ब्रेक तपासायला म्हणून थांबवली. खेळण्याला कुठले ब्रेक! पण पुढचा सिग्नल मी बदलेपर्यंत त्यांनी हलवली नाही.

व्हिडिओचं विचाराल तर परवा काढला होता, सव्वीस सेकंदांचा, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेवटी कपाटाचं हँडल येतं. अजून टाकला नाहीये.

आणि शुक्रवारी जो फोटो टाकला, मंकी हिलचा, ढगातला, त्यातली गाडी उभीच होती. धुकं या वेळी अगरबत्तीचं.