उत्तर उणे ०.०३ आलं तेव्हा

तापमानाच्या फरकातून वीज बनवणाऱ्या पदार्थाची भुकटी करणं, ती दाबून पेलेट म्हणजे चकती बनवणं, सीबेक (एका केल्विनच्या फरकाला किती व्होल्टेज मिळतं ते) मोजणं, यात सांगण्यासारखं काही नाही. बिस्मथ टेल्युराइड तसं गरीब आहे. ३०० केल्विनला सीबेक १८० मायक्रोव्होल्ट प्रति केल्विन, विद्युतवाहकता १.२ लाख सीमेन्स प्रति मीटर, आणि लेझर फ्लॅशवर (एका बाजूला लेझर मारून दुसरी बाजू किती लवकर तापते ते बघणारं मशीन) उष्णतावाहकता ०.८५ वॅट प्रति मीटर-केल्विन. म्हणजे झेडटी, उष्णतेतून वीज करण्यात पदार्थ किती चांगला ते सांगणारा आकडा, १.३७! ग्राफचा फोटो आईलासुद्धा पाठवला.

सरांनी एवढंच विचारलं, "यात लॅटिसचा वाटा किती?"

उष्णता इलेक्ट्रॉनही वाहतात आणि फोनॉनही, म्हणजे अणूंच्या जाळीची (लॅटिसची) कंपनं. इलेक्ट्रॉनचा वाटा म्हणजे लॉरेंझ अंक गुणिले विद्युतवाहकता गुणिले तापमान. पुस्तकातला २.४४ × १०⁻⁸ घातला, ०.८८ आलं. ०.८५ मधून ०.८८ गेले, उरले उणे ०.०३. जाळी काय उष्णता उलटी वाहते?

२.४४ हा धातूंचा अंक. तिथे फर्मी पातळी (इलेक्ट्रॉन जिथवर भरलेले असतात ती ऊर्जा) बँडच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनना मिळणाऱ्या ऊर्जेच्या पट्ट्याच्या, चांगली आत असते. आपल्या अर्धवाहकात ती बँडच्या काठाशी येते आणि अंक १.४९ कडे उतरतो. सीबेक मोठा तर लॉरेंझ लहान, हे लक्षात ठेवा. १८० ला तो साधारण १.७१ धरला, इलेक्ट्रॉनचा वाटा ०.६२ झाला. उरले ०.२३. उणे गेलं, पण साध्या काचेचीही उष्णतावाहकता एकच्या आसपास असते, त्यामुळे सरांचा चेहरा काही बदलला नाही.

खरी चूक मोजणीत होती. वीज मी पेलेटच्या पृष्ठभागाला समांतर मोजली होती, लेझरने उष्णता मोजली जाडीतून. थरांचा पदार्थ, दाबल्यावर कण आडवे पडतात, दोन दिशांचे आकडे वेगळेच येणार. मशीनच्या फॉर्मवर व्यास, जाडी, घनता सगळ्याला रकाना. दाबाच्या दिशेला नाही! उंच पेलेट पुन्हा दाबा, दाबाच्या दिशेला समांतर उभी कापा, पुन्हा रांगेत उभे राहा. तीन आठवडे गेले. त्या फॉर्मवर मी अजून चिडून आहे.

नव्या कापात उष्णतावाहकता १.३, लॅटिस ०.६८, झेडटी ०.९. आईला दुसरा फोटो पाठवला नाही.

हो, तापमान वाढवताना लॅटिसचा वाटा चढू लागला तर फोनॉनना दोष देऊ नका. बँडगॅप (दोन पट्ट्यांमधली फट) जेमतेम ०.१५ इलेक्ट्रॉनव्होल्ट, इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) जोडीने उष्णता न्यायला लागतात आणि वजाबाकीत ते सगळं लॅटिसच्या खात्यावर पडतं.

आणि पेलेट साच्यातून काढल्या काढल्या दाबाच्या दिशेची खूण करा. कापल्यावर नुसतं बघून कळत नाही.